विंडस्क्रीन वॉशर

विंडस्क्रीन वॉशर ही मोटारगाडीच्या पुढच्या काचेवर पाण्याचा किंवा सौम्य साबणी द्रावणाचा फवारा सोडणारी यंत्रणा होय. वायपर काच पुसतो. मात्र काचेवर कोरडी धूळ, चिखल, पक्ष्यांची विष्ठा किंवा तेलकट थर असेल, तर पुसण्याआधी तो भिजवावा लागतो. हे काम वॉशर करतो. वॉशर बंद पडला तरी गाडी थांबत नाही. त्यामुळे या यंत्रणेकडे बहुतेक वाहनधारकांचे दुर्लक्ष होते आणि तिच्यातील दोष नेमका गरजेच्या क्षणी लक्षात येतो. प्रस्तुत लेखात वॉशरची रचना, त्यातील बिघाडांचे निदान आणि दुरुस्ती यांचे विवेचन मुख्यतः ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील हवामान, पाणी आणि रस्ते यांच्या संदर्भात केले आहे.

संज्ञा

'वॉशर' या शब्दाने मराठीत सर्वसाधारणपणे नटबोल्टखालची चपटी चकती सूचित होते. सुट्या भागांच्या दुकानात नुसते 'वॉशर द्या' म्हटल्यास चकतीच हाती पडण्याचा संभव असतो. गॅरेजांतील बोलीत या यंत्रणेच्या टाकीला 'पाण्याची बाटली', पंपाला 'वॉशर मोटर' आणि फवारा सोडणाऱ्या तोंडाला 'नोझल' म्हणतात. 'वॉटर पंप' हा शब्द मात्र इथे कटाक्षाने टाळावा. तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपासाठी रूढ आहे. तो भाग अगदी वेगळा असून त्याची किंमत वॉशर मोटरच्या कितीतरी पट असते.

महत्त्व

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६ ते १७ मीटर अंतर कापते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल काचेवर बसला आणि वॉशरमधून पाणी आले नाही, तर वायपर तो चिखल काचभर पसरवतो. अशा स्थितीत चालकाला तीन सेकंद जरी धड दिसले नाही, तरी गाडी ५० मीटर आंधळेपणाने पुढे गेलेली असते. रात्री परिस्थिती आणखी बिकट होते, कारण समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत काचेवरील धुळीच्या कणांवर विखुरतो व संपूर्ण काच पांढरी दिसू लागते.

घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहतूक व मेट्रोचे बांधकाम, कल्याण-शीळ रस्त्यावरील ट्रक, शीळ परिसरातील दगडखाणींची भुकटी यांमुळे या भागात काचेवर बसणारा थर साध्या मातीचा नसतो. सिमेंट व दगडाचे बारीक कण टणक असतात. ते कोरड्या वायपरखाली घासले गेले की काचेवर वर्तुळाकार ओरखडे उमटतात. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा बसवून केलेली असते. तिच्यावरील खोल ओरखडे समाधानकारकरीत्या घालवता येत नाहीत व अखेर काच बदलावी लागते.

वॉशरची सर्वाधिक गरज भर पावसात नसते. मुसळधार पावसात काच आपोआप धुतली जाते. गरज भासते ती मे महिन्याच्या अखेरच्या वळिवात, जूनमधील पहिल्या तुरळक सरींत, पाऊस थांबून रस्ते ओले राहिल्यावर आणि डिसेंबर-जानेवारीतील सकाळी. कल्याणच्या पलीकडे बदलापूर-मुरबाडच्या बाजूला थंडीत रात्री उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीवर दव पडते. दवात मिसळलेली धूळ वायपरने एकदा फिरवली की उगवत्या सूर्याच्या तिरप्या किरणांत समोरचे काहीही दिसत नाही. पूर्वेकडे तोंड करून निघणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

रचना व कार्य

यंत्रणेचे मुख्य भाग पाच आहेत: टाकी, पंप, नळ्या, नोझल आणि विद्युत मंडल. टाकी प्लॅस्टिकची असून लहान गाड्यांत तिच्यात साधारणपणे दीड ते तीन लिटर पाणी मावते. तिचे तोंड बॉनेटखाली असते. पण टाकीचा मुख्य भाग बहुधा पुढच्या चाकाच्या वरील आवरणामागे किंवा बंपरच्या कोपऱ्यात दडलेला असतो. झाकण सहसा निळे किंवा काळे असते व त्यावर काच आणि कारंजे यांची आकृती असते. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची (कूलंटची) टाकी व ब्रेक ऑइलची टाकी याच परिसरात असतात. झाकणावरील आकृती न पाहता पाणी ओतणे धोक्याचे आहे. ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेल्यास ब्रेक निकामी होऊ शकतात, तर वॉशरच्या टाकीत कूलंट गेल्यास काचेवर तेलकट धूसर पडदा चढतो.

टाकीच्या तळाशी रबरी बुचात पंप दाबून बसवलेला असतो. त्यात १२ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर आणि तिच्या दांड्यावर एक लहान पंखा असतो. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरते व पंखा ते बाहेर फेकतो. हा पंप लांबून पाणी ओढून घेऊ शकत नाही, म्हणूनच तो टाकीच्या तळाशी असतो. वाहते पाणीच मोटरला थंडावा व वंगण देते. टाकी रिकामी असताना दांडी ओढून धरल्यास पंप लवकर झिजतो. पाणी येत नसेल तर पाच-सात सेकंदांहून अधिक काळ दांडी ओढू नये.

पंपापासून निघालेली बारीक नळी बॉनेटखालून वर जाते व टी आकाराच्या जोडाने दोन नोझलांकडे वळते. काही गाड्यांत वाटेत एकदिशा झडप असते. ती नळीतले पाणी परत टाकीत उतरू देत नाही, त्यामुळे दांडी ओढताच फवारा सुरू होतो. मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या गाड्यांत कधी दोन स्वतंत्र पंप असतात, तर कधी दोन तोंडांचा एकच पंप असतो. त्याची मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे आणि उलट दिशेने फिरली की मागे जाते.

बिघाडाचे निदान

निदानाची सुरुवात कानाने करावी. इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त चालू स्थितीत फिरवावी, काचा खाली घ्याव्यात आणि स्टिअरिंगजवळची दांडी ओढावी. समोरून बारीक घुरघुर ऐकू आल्यास मोटर फिरते आहे, म्हणजे वीज पोहोचते आहे व दोष पाण्याच्या मार्गात आहे. आवाजच नसेल तर दोष विजेच्या मार्गात किंवा मोटरमध्ये आहे. या एका चाचणीने निम्मे काम होते. तरीही अनेकजण ती न करता थेट नवी मोटर विकत घेतात.

आवाज येतो, पण पाणी नाही

प्रथम टाकीत पाणी आहे का ते पाहावे. हे सांगणे अनावश्यक वाटेल. तथापि टाकीचा तळ दिसत नसल्याने तोंडाशी ओल दिसली की ती भरलेली आहे असा समज होतो. पाणी असल्यास बॉनेट उघडून नोझलखालील नळी हलक्या हाताने सोडवावी, तिचे टोक एखाद्या बाटलीत धरावे व दुसऱ्या व्यक्तीस दांडी ओढण्यास सांगावे. नळीतून जोरदार धार आली तर नोझल तुंबलेले आहे. धार आली नाही तर टी जोडाच्या आधीची नळी सोडवून तीच चाचणी करावी आणि असे मागे मागे पंपापर्यंत जावे. ज्या ठिकाणी पाणी प्रथम दिसते, त्याच्या लगेच पुढच्या भागात अडथळा असतो.

या परिसरात नळी तुटलेली आढळणे फारच सामान्य आहे व त्याचे कारण बहुतेक वेळा उंदीर असते. इमारतींच्या तळमजल्यावरील खांबांमधल्या वाहनतळात रात्री उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन उबदार असते. तेथे उंदीर आसरा घेतात व मऊ रबरी नळ्या कुरतडतात. गाडीखाली पाण्याचा ओघळ, बॉनेटच्या आतील आवरणाचा कापूससदृश भुगा, लेंड्या या त्याच्या खुणा होत. तुटलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळणे निरुपयोगी ठरते, कारण पंपाच्या दाबाने ती काही दिवसांत सुटते. तुटका भाग सरळ कापून दोन टोके प्लॅस्टिकच्या सरळ जोडाने जोडावीत किंवा नळीच बदलावी. त्याच वेळी शेजारच्या विजेच्या तारांचे आवरणही तपासावे; उंदीर एका नळीवर थांबत नाही.

नळी शाबूत असूनही पंपातून पाणी निघत नसेल, तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबलेली असण्याची शक्यता असते. दीर्घकाळ साठलेल्या पाण्यात शेवाळ धरते, साबणाचा साका तळाशी बसतो. पंप बुचातून ओढून काढल्यास टाकीतले सर्व पाणी एकदम खाली येते, म्हणून आधी भांडे ठेवावे. जाळी जुन्या दातघासणीने धुवावी, टाकी दोन-तीनदा खळबळून काढावी आणि पंप बसवताना रबरी बुचाच्या आतील बाजूस साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते.

आवाजच येत नाही

फ्यूजपेटीच्या झाकणावरील तक्त्यात वॉशरचा फ्यूज दर्शविलेला असतो. अनेक गाड्यांत वायपर व वॉशर यांचा फ्यूज सामाईक असतो. दोन्ही एकदम बंद पडले असतील तर प्रथम तोच पाहावा. फ्यूज उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तो पुन्हा लगेच उडाला तर तारांमध्ये कुठेतरी स्पर्श होत आहे किंवा मोटर अडकली आहे असे समजावे. अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे फ्यूज वाचवून तारांना आग लावणे होय.

फ्यूज ठीक असेल तर पंपाची विद्युत जोडणी सोडवून तिच्यावर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावावा व दांडी ओढावी. १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसला, पण पंप जोडल्यावर फिरत नसेल, तर पंप गेला आहे. दाब दिसला नाही, तर दोष स्विच, तार किंवा अर्थिंगमध्ये आहे. ठाण्याची खाडी व सततची दमट हवा यांमुळे पितळी पिनांवर हिरवट गंज चढतो. पंप गाडीच्या तळाजवळ असल्याने साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की सर्वांत आधी ज्या जोडण्या बुडतात त्यांत ही एक असते. २६ जुलै २००५ च्या पुरासारख्या मोठ्या घटनेची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षी सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते तेवढे पुरेसे होते. गंजलेल्या पिना बारीक पॉलिश कागदाने साफ करून विद्युत जोडण्यांसाठी मिळणारा फवारा मारल्यास अनेकदा पंप पूर्ववत चालू होतो. बराच काळ न वापरल्याने अडकलेली मोटर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर फिरू लागते. मात्र असा पंप फार काळ टिकत नाही आणि पावसाळ्यापूर्वी बदललेला बरा.

फवारा क्षीण, उशिरा किंवा एकाच बाजूला

एकाच बाजूचा फवारा बंद असल्यास पंपाकडे पाहण्याचे कारण नाही. दोष टी जोडानंतरच्या फांदीत किंवा त्या नोझलमध्ये असतो. दांडी ओढल्यावर दोन-तीन सेकंदांनी पाणी येणे हे एकदिशा झडप निकामी झाल्याचे किंवा नळीत हवा शिरत असल्याचे लक्षण आहे. दोन्ही बाजूंची धार क्षीण असेल तर अर्धवट तुंबलेली जाळी, नळीतील बारीक गळती किंवा गंजलेली जोडणी या क्रमाने शोध घ्यावा.

टाकी भरूनही काही दिवसांत रिकामी होत असेल तर गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवून रात्रभर पाहावे. डाग पंपाच्या खाली पडला तर रबरी बूच कडक झाले आहे असे बहुधा निघते. किरकोळ धडकेनंतर बंपर सरळ केलेल्या गाडीत टाकीलाच तडा गेलेला असू शकतो.

मागच्या काचेचा वॉशर बंद पडल्यास दुर्लक्ष करू नये, कारण तेथे पाणी गाडीच्या आत गळू शकते. मागची नळी छताच्या कडेने जाऊन मागील दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळकांड्यातून बाहेर पडते. दार हजारो वेळा उघडमिट झाल्यावर ती तेथे चिरते. छताच्या अस्तरावर ओला डाग दिसणे, मागच्या सामानाच्या जागेत कुबट वास येणे ही त्याची चिन्हे होत. पुष्कळदा त्याचे खापर दाराच्या रबरावर फोडले जाते आणि रबर बदलूनही गळती चालूच राहते.

पाणी व द्रावण

ठाणे व कल्याण-डोंबिवलीला मिळणारे नळाचे पाणी मुख्यतः उल्हास, बारवी व भातसा या नद्या-धरणांचे असून ते तुलनेने मृदू आहे. बोअरवेलचे पाणी मात्र कठीण असते, आणि नळाचे पाणी अपुरे पडणाऱ्या अनेक गृहसंकुलांत गाड्या धुण्यासाठी बोअरवेलचे किंवा टँकरचेच पाणी वापरले जाते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार नोझलच्या केसाएवढ्या छिद्रात साचतात. बॉनेटच्या उष्णतेने उरलेला थेंब सुकतो व दर वेळी क्षाराचा एक पातळ थर मागे ठेवतो. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने काहीजण घरातील आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी गाडीत भरतात. त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. ते लादी पुसण्यास चालेल, वॉशरच्या टाकीत मुळीच घालू नये. आरओचे शुद्ध पाणी किंवा नळाचे गाळलेले पाणी योग्य ठरते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नगण्य असतात, पण यंत्रातील धूळ व जंतू असतात. ते गाळून आणि द्रावण मिसळूनच वापरावे.

क्षाराने तुंबलेले नोझल काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवल्यास थर विरघळतो. लिंबाच्या रसातील आम्लही तेच काम करते, परंतु त्यातील गर नवा अडथळा निर्माण करतो. व्हिनेगर टाकीत भरून ठेवणे योग्य नव्हे. गोलाकार छिद्राच्या नोझलमध्ये शिवणाची बारीक सुई अलगद फिरवता येते. पंख्यासारखा रुंद फवारा सोडणाऱ्या नोझलच्या आतील रचना नाजूक असल्याने त्यात सुई घालू नये. टायरवाल्याकडील हवेचा झोत मारायचा असल्यास आधी नळी सोडवावी, नाहीतर दाबाने आतले जोड निखळतात.

कपडे धुण्याची पावडर टाकीत टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. ती पूर्ण विरघळत नाही, साका धरते, फेस करते आणि सुकल्यावर रंगावर पांढरे ओघळ ठेवते. केसांच्या शाम्पूमधील मऊपणा आणणारे घटक काचेवर चिकट थर देतात. वॉशरसाठी मिळणारे तयार द्रावण बाटलीवरील प्रमाणात मिसळणे हा उत्तम पर्याय होय. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून द्रावणात मिथेनॉल किंवा तत्सम अल्कोहोल असते. कोकणात पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय मिथेनॉल विषारी आहे, त्यामुळे तशा द्रावणाचा येथे काही उपयोग नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत मात्र काचेवर तेलकट थर बसतो (जानेवारी २०१४ मध्ये तेथे पडलेल्या हिरवट पावसाची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली होती) आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

नुसते पाणी वापरण्यात आणखी एक धोका आहे. लेजिओनेला हा न्यूमोनियास कारणीभूत होणारा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून श्वासावाटे शरीरात जातो. इंग्लंड व वेल्समधील रुग्णांवर आधारित व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉशरमध्ये द्रावण न मिसळता केवळ पाणी वापरणाऱ्या चालकांत या आजाराचा धोका अधिक आढळला. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान या जिवाणूस मानवते. ठाणे जिल्ह्यात टाकीतले पाणी वर्षभर बहुतेक याच मर्यादेत राहते. त्यामुळे महिनोन्‌महिने तेच पाणी ठेवू नये, आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे श्रेयस्कर.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी, साधारणतः मेच्या मध्यास, टाकी धुणे, दोन्ही नोझल तपासणे व वायपरची रबरे बदलणे ही कामे एकत्र करावीत. रबर कडक झालेले असेल तर उत्तम फवाराही काच स्वच्छ करू शकत नाही. फवाऱ्याची दिशा अशी असावी की गाडी उभी असताना पाणी काचेच्या मध्याच्या किंचित वर पडेल. धावत्या गाडीत वाऱ्याच्या दाबाने ते खाली येते. पाणी छतावरून मागे जात असल्यास, किंवा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडत असल्यास, नोझल खाली वळवावे.

गृहसंकुलांत पहाटे गाड्या पुसणारे कामगार बहुधा एकाच बादलीतील पाण्याने आणि एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसतात. फडक्यातील रेती काचेवर ओरखडे पाडते आणि बॉनेटवर लावलेले मेण नोझलच्या छिद्रात जाऊन बसते. काचेसाठी वेगळे फडके दिल्यास दोन्ही टळते. त्यासाठी कामगाराला दोष देण्यापेक्षा फडके विकत आणून देणे सोपे आहे.

इतिहास व कायदेशीर तरतूद

वायपरचे अमेरिकी पेटंट अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळाले. हाताने फिरवायच्या त्या साधनात पाण्याची सोय नव्हती. काचेवर पाणी सोडणारे वॉशर अमेरिकेतील गाड्यांत १९३० च्या दशकात दिसू लागले. त्यानंतरही दीर्घकाळ अनेक गाड्यांत रबरी फुगा किंवा बटण हाताने अथवा पायाने दाबून पाणी उडवावे लागे. विजेचा पंप पुढे सार्वत्रिक झाला.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० काचेविषयी आणि नियम १०१ वायपरविषयी आहे. ठाणे (एमएच ०४) व कल्याण (एमएच ०५) येथील परिवहन कार्यालयांत व्यावसायिक वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीत वायपर पाहिला जातो. खासगी गाड्यांना अशी नियतकालिक तपासणी नोंदणीच्या पहिल्या पंधरा वर्षांत करावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्या वॉशरची तपासणी पूर्णतः मालकावर अवलंबून असते.